निवड चाचणीत नाव आलं नाही, तर मुलीने हॉकी सोडावी का?

फलटण भागातल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी चौदा वर्षांची, तीन वर्षांपासून हॉकी खेळते, मिडफिल्डला. यंदा राज्याच्या सब-ज्युनिअर संघाच्या चाचणीत शेवटच्या यादीत तिचं नाव आलं नाही. पुढच्या वर्षी दहावी. घरात सगळे म्हणतायत, बास झालं आता. आईला विचारायचं आहे की भारताकडून खेळणाऱ्या मुलीचं आयुष्य नेमकं असतं कसं, त्यात पोट भरतं का, आणि आपल्या मुलीने थांबावं की खेळत राहावं?

ताई, थांबवू नका. निदान या कारणासाठी तरी नको.

मी महाराष्ट्राकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळले, पुढे रेल्वेत लागले आणि गेली बावीस वर्षं मुलींना शिकवते. एवढ्या वर्षांत शेकडो मुली हाताखालून गेल्या. त्यावरून ठाम सांगते, हॉकी खेळणाऱ्या मुलीचं करिअर ती संघाबाहेर असते त्या महिन्यांत घडतं, नाहीतर मोडतं. संघात असलेल्या मुलीला सांभाळायला सगळे असतात. बाहेर बसलेलीला घर सांभाळतं.

साधा हिशोब बघा. बेंगळुरूला साईच्या, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात राष्ट्रीय शिबिर चालतं, तिथे एका वेळी तीस-पस्तीस मुली असतात. बहुतेक मोठ्या स्पर्धांना संघ जातो अठरा जणींचा. ऑलिम्पिकला तर सोळाच. म्हणजे देशातल्या उत्तम पस्तिसांत असलेल्या मुलींपैकीही निम्म्या दर वेळी 'या खेपेला नाही' हे ऐकतात, संध्याकाळी खोलीत जाऊन रडतात आणि सकाळी सहाला पुन्हा मैदानावर उभ्या राहतात. तुमच्या मुलीने हे चौदाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं. पुढे खेळली तर अजून दहा वेळा ऐकेल.

राणी रामपालचं उदाहरण मी प्रत्येक पालकाला देते, कारण तिच्या कारकिर्दीत सगळंच सापडतं. हरियाणात कुरुक्षेत्राजवळ शाहाबाद मारकंडा नावाचं गाव आहे, तिथली ही मुलगी. वडील घोडागाडी ओढून घर चालवायचे. प्रशिक्षक बलदेव सिंग यांनी सुरुवातीला तिला घेतलंच नव्हतं. अंगात जीव नाही, सराव झेपायचा नाही, असं त्यांना वाटलं. पुढे घेतलं. सरावाला येताना प्रत्येक मुलीने अर्धा लिटर दूध आणायचा नियम होता. घरी परवडायचं दोनशे मिली, म्हणून ती त्यात पाणी घालून न्यायची. हे तिने स्वतः सांगितलेलं आहे. मी हे गरिबीची गोष्ट म्हणून सांगत नाही. जिला पहिल्या दिवशी 'नको' म्हटलं गेलं, ती 2008 मध्ये वयाच्या चौदाव्या वर्षी भारताकडून खेळली, म्हणून सांगते.

2010 मध्ये अर्जेंटिनातल्या रोझारिओला विश्वचषक झाला. राणी पंधरा वर्षांची, सात गोल, आणि स्पर्धेतली सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरली. 2013 मध्ये जर्मनीत ज्युनिअर विश्वचषकात कांस्य आलं, शूटआऊटमध्ये इंग्लंडला हरवून. भारतीय मुलींचं त्या स्पर्धेतलं ते पहिलं पदक. इथवर वाचलं की वाटतं, अशा मुलीची गाडी सरळच गेली असणार. पण 2016 मध्ये रिओला भारतीय महिला तब्बल छत्तीस वर्षांनी ऑलिम्पिक खेळल्या आणि बारा संघांत बाराव्या आल्या. एकही सामना जिंकता आला नाही. तेव्हा टीव्हीसमोर बसून मी रडले होते. त्या मुलींवर राग नव्हता. इतक्या वर्षांनी दार उघडलं होतं आणि ते पुन्हा बंद होईल, याची भीती वाटली.

बंद झालं नाही, कारण बहुतेक मुली टिकून राहिल्या. 2017 मध्ये आशिया चषक जिंकला, 2018 मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धेत रौप्य आलं. आणि मग भुवनेश्वरची ती रात्र, 2 नोव्हेंबर 2019. टोकिओची पात्रता अमेरिकेविरुद्ध दोन सामन्यांच्या गोलबेरजेवर ठरणार होती. पहिला सामना आपण 5-1 जिंकलेला. सगळ्यांनी धरूनच चाललेलं की झालं आता. दुसऱ्या सामन्यात पहिल्या अर्ध्या वेळातच अमेरिकेचे चार गोल. बेरीज 5-5. स्टेडियम गप्प. अशा वेळी खेळाडूचे पाय जड होतात, तोंड कोरडं पडतं, चेंडू आपल्याकडे येऊ नये असं वाटतं. मी साध्या राष्ट्रीय सामन्यांत ते अनुभवलं आहे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आपल्या मुलींनी गोल खाल्ला नाही, आणि 48व्या मिनिटाला कर्णधार राणीने डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या वरच्या टोकावरून चेंडू जाळ्यात मारला. सामना 1-4 हरलो, बेरजेत 6-5 जिंकलो, टोकिओ मिळालं. शिकवताना मी मुलींना हा सामना दाखवते, तोही मध्यंतरापासून. चार गोल खाऊन परत मैदानात उतरताना त्या मुली कशा चालत येतात ते बघा, असं सांगते.

टोकिओ तर सगळ्यांना आठवत असेल. पहिले तीन सामने हरले: नेदरलँड्सकडून 1-5, जर्मनीकडून 0-2, ब्रिटनकडून 1-4. घरोघरी लोकांनी सोडून दिलं होतं. मग आयर्लंडवर 1-0. दक्षिण आफ्रिकेवर 4-3, त्यात वंदना कटारियाची हॅट्ट्रिक, ऑलिम्पिकमध्ये भारतीय महिलेची पहिली. उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाला 1-0. गुरजित कौरचा गोल आणि मागे गोलरक्षक सविता पुनियाने अडवलेले एकामागून एक पेनल्टी कॉर्नर. शेवटी कांस्याचा सामना ब्रिटनकडून 3-4 गेला, चौथं स्थान. वंदनाचे वडील त्या ऑलिम्पिकच्या दोन-अडीच महिने आधी वारले होते. ती शिबिरात होती, कोरोनामुळे घरी जाता आलं नाही. हा या खेळाचा खर्च आहे, ताई, आणि तो पैशांत मोजता येत नाही.

आता राणीच्या कारकिर्दीतला तो भाग, ज्याबद्दल कमी बोललं जातं. टोकिओनंतर दुखापतींनी तिला धरलं. 2022चा विश्वचषक तिच्याविना झाला. 2023च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिका दौऱ्यावर ती परतली, पुन्हा बाहेर गेली. पद्मश्री, खेलरत्न, देशाची कर्णधार, आणि तरी यादीत नाव नाही. त्याच वर्षी तिने सतरा वर्षांखालच्या मुलींना शिकवायची जबाबदारी घेतली. ऑक्टोबर 2024 मध्ये दिल्लीत निवृत्त झाली तेव्हा हॉकी इंडियाने तिची 28 क्रमांकाची जर्सीच निवृत्त केली. चौदाव्या वर्षी संघात येऊन तिशीच्या उंबरठ्यावर निवृत्ती, आणि शेवटची दोन-तीन वर्षं बहुतेक बाहेर बसून. एवढ्या मोठ्या खेळाडूचंही असंच झालं.

माझी स्वतःची गोष्ट फार छोटी आहे, पण सांगते. एकोणिसाव्या वर्षी मला संभाव्य खेळाडूंच्या शिबिरासाठी बोलावणं आलं. सहा आठवडे जीव तोडून सराव केला. शेवटच्या दिवशी भिंतीवर कागद चिकटवला, त्यात माझं नाव नव्हतं. कुणी कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. रेल्वेने परत येताना ठरवलं की आता बास. घरी आले तर आईने काही विचारलं नाही, गरम भात वाढला आणि म्हणाली, "उद्या मैदानावर जाणारेस ना? डबा किती वाजता देऊ?" भारताकडून मी कधीच खेळले नाही. पण त्या डब्यामुळे पुढची अकरा वर्षं खेळले, नोकरी लागली, आणि आज तुम्हाला हे लिहितेय.

आता तुमच्या मुलीच्या खेळाबद्दल. मी तिला पाहिलेलं नाही, पण चौदा वर्षांच्या मुली चाचणीत का मागे पडतात ते मला बऱ्यापैकी माहीत आहे. पळण्यात सहसा कमी पडत नाहीत; आपल्याकडच्या मुली पळतात. कमी पडतात त्या चेंडू घेण्यात. आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा उजव्या हातात असतं.

तिला एकदा स्टिक हातात घेऊन समोर उभं करा. डावा हात मुठीच्या वरच्या टोकाला, उजवा खाली. हॉकीत स्टिकची एकच बाजू सपाट असते, दुसऱ्या गोलसर बाजूने चेंडू खेळता येत नाही. म्हणून चेंडू उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे नेताना स्टिक सारखी उलटी-सुलटी फिरवावी लागते. फिरवायचं काम डाव्या मनगटाचं. उजवा हात म्हणजे नळी. त्याच्या आत स्टिक मोकळी फिरली पाहिजे. मुलीने उजव्या हाताने घट्ट आवळलं असेल तर स्टिक फिरताना दंड आणि खांदाही फिरतो, चेंडू अर्धा क्षण उशिरा मिळतो, आणि लांबून जोरात आलेला पास स्टिकवर आपटून दोन मीटर पुढे उडतो. निवडणाऱ्याच्या नजरेत तेवढंच भरतं. मातीच्या मैदानावर हा दोष झाकला जातो, कारण चेंडू उड्या मारत येतो आणि सगळ्यांचाच निसटतो. पाणी मारलेल्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, तो सपकन, जमिनीला चिकटून येतो. तिथे लगेच कळतं कोणाचा हात मऊ आहे.

यावर उपाय सोपा आणि कंटाळवाणा आहे. घरामागची भिंत, एक जुना चेंडू, रोज वीस मिनिटं. भिंतीवर पुश मारायचा, म्हणजे स्टिक न उगारता चेंडू ढकलायचा, आणि परत येणारा चेंडू थांबवायचा. थांबवताना स्टिक किंचित पुढे झुकलेली, उजव्या हाताची पकड सैल, आणि चेंडू लागतो त्या क्षणी हात थोडा मागे द्यायचा, जसं कुणी लांबून फेकलेलं अंडं आपण झेलतो. चेंडू लागल्याचा 'टक्' आवाज जितका बारीक, तितका ट्रॅप, म्हणजे चेंडू थांबवणं, चांगला. कधी तुम्ही मारा आणि तिला थांबवताना त्या आवाजाकडे लक्ष द्यायला सांगा. तीन महिन्यांत फरक दिसेल. मी हे ऐकीव सांगत नाही, याच एका सरावाने मी मागे पडलेल्या मुली पुढच्या वर्षी संघात आलेल्या पाहिल्या आहेत.

दुसरी गोष्ट शरीराची, आणि ही आईलाच सांगायची आहे. तेरा ते सतरा या वयात मुली हॉकी सोडतात त्यामागे गुडघा आणि रक्त ही दोन कारणं मी सगळ्यात जास्त पाहिली. वयात येताना मुलीची उंची आणि वजन वाढतं, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद त्या वेगाने वाढत नाही, आणि पळता पळता अचानक वळताना गुडघ्यातला एसीएल नावाचा लिगामेंट फाटतो. मुलींत हे प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं. ऑपरेशन आणि पुढचे नऊ-दहा महिने बाहेर. म्हणून सरावाआधी उड्या मारून दोन्ही गुडघे किंचित वाकवून, पण आत झुकू न देता उतरण्याचा, एका पायावर बसण्याचा व्यायाम रोज झाला पाहिजे. प्रशिक्षक करून घेत नसतील तर हट्टाने मागा. आणि वर्षातून दोनदा रक्त तपासा, हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे अंगातला लोहाचा साठा. पाळी सुरू झालेल्या, दिवसाला दोन वेळा सराव करणाऱ्या मुलीचं लोह संपत आलेलं असतं आणि घरात सगळे म्हणत असतात, "हल्ली आळशी झालीय." पाळी तीन-चार महिने येत नसेल तर 'खेळाडूंचं असंच असतं' म्हणून सोडून देऊ नका, ती पुरेसं खात नाही, असा बहुतेकदा त्याचा अर्थ असतो. डॉक्टरांना दाखवा.

पोट भरतं का, हा प्रश्न विचारायला लाजू नका. मी तर म्हणेन तो आधी विचारावा. भारतात महिला हॉकी उभी राहिली ती मुख्यतः रेल्वेच्या नोकऱ्यांवर. रिओला भारताची कर्णधार असलेली सुशीला चानू मणिपूरची, पण नोकरी मुंबईत, मध्य रेल्वेत, तिकीट तपासनीस म्हणून. आजही राष्ट्रीय पातळीवर नाव झालेल्या मुलीला रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या या वाटा आहेत. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूला महिना दहा हजार रुपये भत्ता मिळतो, शिवाय राहणं, जेवण, प्रशिक्षण. आणि जानेवारी 2025 मध्ये रांचीला महिलांची हॉकी इंडिया लीग पहिल्यांदा झाली, चार संघांची. त्यात बचावपटू उदितावर 32 लाखांची बोली लागली. आमच्या वेळी आम्ही दैनिक भत्त्याच्या पैशांतून बुटांना तळ बसवून घ्यायचो, म्हणून ती बातमी मी दोनदा वाचली.

पण 32 लाखांकडे बघून निर्णय घेऊ नका. ते मूठभर मुलींचं आहे, आणि संघाचं नशीब फिरायला एक सामना पुरतो. जानेवारी 2024 मध्ये रांचीतच पॅरिसची पात्रता होती. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात जपानकडून 0-1 हरलो आणि टोकिओत चौथा आलेला संघ पॅरिसला गेलाच नाही. एका गोलाने चार वर्षं गेली. म्हणून हिशोब नोकरीचा धरा: राष्ट्रीय स्पर्धा, विद्यापीठ, त्यातून खेळाडू कोट्यातली नोकरी. हा मार्ग भारताची जर्सी न मिळालेल्या मुलींसाठीही खुला असतो, आणि माझ्या हाताखालच्या बहुतेक मुलींचे संसार त्यावरच उभे आहेत. यासाठी दोन कागद जपायचे: शाळा-कॉलेजची गुणपत्रिका आणि स्पर्धांची प्रमाणपत्रं. प्रमाणपत्र त्याच दिवशी हातात घ्या, नावाचं आणि जन्मतारखेचं स्पेलिंग तिथेच तपासा. एका अक्षरासाठी पडताळणी अडलेल्या मुलींबरोबर मी किती कार्यालयांच्या पायऱ्या चढलेय, ते मलाच माहीत.

घरचे म्हणत असतील की आपल्या भागातून कोण जातंय भारताकडून, तर त्यांना तुमच्याच तालुक्यातल्या मुली दाखवा. आसूची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे, दोघी भारताच्या वरिष्ठ संघाकडून खेळल्या. वैष्णवी 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत कांस्य जिंकणाऱ्या संघात होती. घर शेतकऱ्याचं. आणि अजून मागे जायचं तर 1980 मध्ये मॉस्कोला महिला हॉकी ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आली, रूपा सैनी कर्णधार असलेल्या त्या संघात पुण्याच्या एलिझा नेल्सन आणि रेखा मुंडफन होत्या. भारत चौथा आला. दोन वर्षांनी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत एलिझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली सुवर्ण मिळालं. महाराष्ट्रातल्या मुलींना हा खेळ नवा नाही. मधल्या काळात आपणच विसरलो.

राहिली दहावी. या वर्षासाठी हॉकी पूर्ण बंद करायची चूक करू नका, आणि पूर्ण सरावाचा हट्टही धरू नका. मी माझ्या दहावीच्या मुलींना आठवड्यातून तीन दिवस मैदान देते, तेही दीड तास, आणि रोजची ती भिंतीवरची वीस मिनिटं. फेब्रुवारीत सगळं बंद, परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी मैदानावर. राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्यांना दहावीला सवलतीचे गुणही मिळतात, त्याचा प्रस्ताव शाळेकडून वेळेत जायला हवा. मुख्याध्यापकांना दिवाळीतच आठवण करा. अकरावीला कॉलेज निवडताना टर्फ किती लांब आहे ते आधी बघा. पुण्याला बालेवाडी आणि पिंपरीतलं नेहरूनगर, कोल्हापुरात मेजर ध्यानचंद मैदान, मुंबईत चर्चगेट. निवासी क्रीडा प्रबोधिनीची चाचणी देता आली तर जरूर द्या.

आणि एक काम या आठवड्यात करा. तिच्या प्रशिक्षकांना भेटा, तक्रार म्हणून नको, आणि एवढंच विचारा: "सर, पुढच्या चाचणीपर्यंत तिने कुठली एक गोष्ट सुधारावी?" मी एकोणिसाव्या वर्षी विचारलं नव्हतं, तो प्रश्न. उत्तर कागदावर लिहून घ्या आणि तिच्या किटबॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवा. मोघम उत्तर मिळालं तर तिचा खेळतानाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा. फोन आडवा धरा, आणि चेंडूच्या मागे न जाता फक्त तिच्यावर ठेवा. चेंडू तिच्याकडे नसतो तेव्हा ती कुठे उभी राहते, कुणाकडे बघते, हे मला त्यात बघायचंय. मिडफिल्डच्या मुलीचं बरंचसं तिथेच कळतं. तो पाठवलात तर मी नीट बघून सांगेन.